फोम जातो, लेप राखतो

फौंड्री हा शब्द बेळगावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत वडील, काका किंवा मोठा भाऊ कामाला आहे असे विद्यार्थी माझ्या प्रत्येक वर्गात असतात. पण त्याच वर्गात "धातूची वस्तू ओततात कशी?" असे विचारले, की पुस्तकातली आकृती फळ्यावर येते आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्या बाजूला काही उत्साही मुले अशी आहेत, की ती मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून घरामागे विटांची भट्टी मांडतात, भंगारातले ॲल्युमिनियम वितळवतात आणि वाळूत पुरलेल्या थर्मोकोलच्या तुकड्यावर ओतून मोकळी होतात. पहिल्यांनी हात कधी वापरला नाही, दुसऱ्यांना धीर नाही. या दोघांच्या मध्ये एक गोष्ट हरवली आहे. ती गोष्ट म्हणजे फोमवरचा लेप, आणि तिच्याविषयीच मला इथे लिहायचे आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. फोमच्या ओतकामातली खरी विद्या आगीत नाही, लेपात आहे. ही विद्या घरच्या पडवीत आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकता येते. धातू ओतण्याचे काम मात्र घरच्या अंगणातले नव्हे. ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, भट्टीवरच व्हावे. आज नेमके उलटे चालले आहे. आगीची हौस सर्वांना आहे, लेपाकडे कुणाचे लक्ष नाही.

ज्यांनी ही पद्धत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या ओतकामात लाकडी पॅटर्न वाळूत दाबून त्याचा ठसा घेतात, पॅटर्न बाहेर काढतात आणि उरलेल्या पोकळीत धातू ओततात. फोमच्या पद्धतीत पॅटर्न बाहेर काढायचाच नसतो. हवी ती वस्तू थर्मोकोलची कोरायची, तिला लेप द्यायचा, लेप पूर्ण वाळला की ती कोरड्या वाळूत पुरायची आणि वितळलेला धातू सरळ तिच्यावर ओतायचा. धातू जसजसा पुढे सरकतो तसतसा फोम नाहीसा होतो आणि त्याची जागा धातू घेतो. दोन भागांचा साचा नको, पोकळीसाठी वेगळा कोअर नको, पॅटर्न सुटावा म्हणून त्याला द्यावा लागणारा उतारही नको. अमेरिकेत हॅरॉल्ड श्रॉयर यांना या पद्धतीचे पेटंट १९५८ साली मिळाले. पुढे सुट्या, कोरड्या वाळूचा वापर सुरू झाला आणि पद्धत मोठ्या कारखान्यांत शिरली. १९९० साली बाजारात आलेल्या जनरल मोटर्सच्या सॅटर्न गाडीच्या इंजिनाचे ब्लॉक आणि हेड याच रीतीने ओतलेले होते.

थर्मोकोल आपल्याला परका नाही. गणपतीची मखरे कोरताना तापलेल्या तारेने तो कसा कापायचा हे आपल्यापैकी कित्येकांना शाळेतच कळलेले असते. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर देशभर बंदी आली आणि ती आलीच पाहिजे होती. पण टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतून येणारे तुकडे अजूनही घरोघरी पडलेले असतात. तेव्हा कच्चा माल फुकट आहे. प्रश्न आहे तो त्या मालावर काय चढवायचे याचा.

लेपाला एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध कामे करावी लागतात. धातू आणि मागे हटणारा फोम यांच्या मध्ये क्षणभर एक फट पडते. त्या क्षणी भोवतीची सुटी वाळू आत ढासळू नये म्हणून लेपाने भिंतीसारखे उभे राहायचे असते. त्याच वेळी फोमपासून निघणारा वायू आणि पातळ झालेला प्लास्टिकचा रस बाहेर जाऊ द्यायचा असतो. भिंत असावी आणि ती गाळणीही असावी, अशी ही मागणी आहे.

हा वायू थोडाथोडका नसतो. बारावीतल्या गणिताने अंदाज करून पाहा. साध्या थर्मोकोलच्या एक लिटर आकारात सुमारे २० ग्रॅम प्लास्टिक असते; बाकी सगळी हवाच. हे २० ग्रॅम पॉलिस्टायरिन पूर्णपणे स्टायरिनच्या वायूत बदलले असे धरू. स्टायरिनचे रेणुभार १०४, म्हणजे हे झाले ०.१९ मोल. ७०० अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान १५ लिटरच्या आसपास भरते. एक लिटरच्या पोकळीतून काही सेकंदांत १५ लिटर वायू! प्रत्यक्षात ॲल्युमिनियमच्या उष्णतेला बराचसा भाग द्रवरूपातच राहून लेपात शोषला जातो, आणि काही रेणू फुटून आणखी लहान होतात. पण लेपावर पडणारे ओझे किती आहे, हे कळायला एवढा हिशेब पुरे. या वायूला वाट मिळाली नाही तर तो धातूला अडवतो किंवा धातूतच अडकतो. वस्तूची टोके अर्धवट भरतात, अंगावर सुरकुत्या पडतात, आत पोकळ जागा राहतात. उलट लेप फारच विरळ असला तर वाळू आत येते आणि वस्तू कातरल्यासारखी खरबरीत निघते. शिवाय वायूला वाट गरजेपेक्षा मोकळी मिळाली तरी धातू भरधाव धावून न विरघळलेल्या फोमला वेढा घालतो. मुलांना ही सगळी भट्टीची खोड वाटते. खरे तर बऱ्याच वेळा निकाल आदल्या दिवशी, लेप वाळत असतानाच लागलेला असतो.

ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या प्राध्यापकांना तो ओवीच्या जुन्या उल्लेखामुळे ठाऊक असतो. कन्नडच्या प्राध्यापकांना तो आपल्या राजाचा ग्रंथ म्हणून जवळचा वाटतो. त्याच ग्रंथात मेणाच्या मूर्तीवरून धातूची मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. तिथे मेणावर द्यायच्या मातीच्या लेपाचे वर्णन बारकाईने केलेले आहे. माती साधी नाही. तीत जाळलेला कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून ती दगडावर वाटायची. लेप तीनदा द्यायचा. पहिला पातळ, तो सावलीत वाळवायचा. दोन दिवसांनी दुसरा, आणि तिसरा जाड. कोंडा आणि कापूस कशासाठी, हे आज आपण सांगू शकतो: माती तडकू नये आणि तापल्यावर तिच्यात बारीक छिद्रे राहावीत म्हणून. मेणाचे वजन करून त्याच्या ठरावीक पटीत धातू घ्यावा, हेही त्यात सांगितले आहे. आमच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात घनता शिकवताना हे उदाहरण कुणी का देत नाही? एक लिटर थर्मोकोल २० ग्रॅम, एक लिटर ॲल्युमिनियम २७०० ग्रॅम. म्हणजे पॅटर्नच्या वजनाच्या १३५ पट धातू हवा, रनर-रायझरचा वेगळा. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाने वापरलेला हा तराजूचा हिशेब आजही तितकाच खरा आहे.

आता घरी लेप कसा द्यावा, ते सांगतो. अमेरिकेतले हौशी लोक यासाठी जिप्समच्या तक्त्यांचे सांधे भरण्याचे तयार मिश्रण वापरतात. आपल्याकडे फॉल्स सीलिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात जॉइंटिंग कंपाउंड मागितले की असे मिश्रण मिळते. घेताना ते नुसते वाळून घट्ट होणारे घ्यावे. पाण्याशी संयोग पावून दगडासारखे बसणारे घेऊ नये. यात कारण आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस बसते तेव्हा पाणी त्याच्या स्फटिकातच बांधले जाते. अशा जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी असते आणि ते कितीही ऊन दाखवले तरी जात नाही. तप्त धातू लागला की तेच पाणी वाफ होऊन बाहेर पडते. वाळून घट्ट होणाऱ्या मिश्रणात बहुधा चुनखडीची भुकटी, थोडे अभ्रक किंवा शंखजिरे आणि चिकटवणारा पदार्थ असतो. ॲल्युमिनियमपुरते ते चांगले टिकते. बिडासाठी ते चालणार नाही. बीड ओतताना उष्णता १४०० अंशांच्या घरात जाते, आणि चुनखडी त्याच्या पुष्कळ अगोदर फुटून कार्बन डायऑक्साइड सोडू लागते. म्हणून बिडाच्या कारखान्यांत लेपासाठी सिलिका, झिरकॉन, ॲल्युमिना यांसारख्या जास्त उष्णता सोसणाऱ्या भुकट्या घेतात. अमुक लेप चांगला की वाईट, असा प्रश्न धातूचे नाव घेतल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

मिश्रण पाण्यानेच पातळ करावे. पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोन यांच्याशी थर्मोकोलचे वैर आहे. ते लागताच तो विरघळून बसतो. दाटपणा धिरड्याच्या पिठापेक्षा थोडा सैल असावा. थर्मोकोलला पाणी धरत नाही, म्हणून मिश्रणात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाकतात. ते हलक्या हाताने ढवळावे, नाहीतर फेस येतो. लेपात एक बुडबुडा राहिला तर तिथे लेपाला भोक पडते, आणि ओतल्यावर वस्तूच्या अंगावर त्या जागी मोड आलेली दिसते. पहिला हात मऊ ब्रशने कानाकोपऱ्यांत फिरवावा, मग पॅटर्न मिश्रणात बुडवावा. तो तरंगू पाहतो, म्हणून हाताने धरून खाली दाबावा लागतो. पातळ भाग असेल तर दाबताना वाकतो. तेवढ्यापुरते वरून मिश्रण ओतलेले बरे. धातू आत जाण्यासाठी जोडलेल्या फोमच्या दांड्यालाही लेप द्यावा, फक्त त्याचे वरचे तोंड उघडे ठेवावे.

यापुढे खरी परीक्षा आहे ती वाळवण्याची. पॉलिस्टायरिन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते आणि फोम त्याआधीच आकार सोडू लागतो. म्हणून ओव्हनची घाई करू नये. पंखा आणि सावली पुरे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन दिवस लागले तरी लागू द्यावेत. "हाताला कोरडा लागतो" ही परीक्षा खोटी आहे. तराजूवर वजन करावे, काही तासांनी पुन्हा करावे, आणि लागोपाठची दोन वजने सारखी आली म्हणजेच लेप वाळला असे म्हणावे. राहिलेले पाणी वाफ होऊन वितळलेला धातू अंगावर उडवू शकते, म्हणून ही दोन वजने म्हणजे निव्वळ टापटीप नव्हे. कोरा पॅटर्न, ओला लेप आणि वाळलेला लेप या तिन्ही वेळची वजने वहीत असली, की लेप किती चढला हेही आपोआप कळते. कारखान्यांत लेपाची जाडी बहुधा मिलिमीटरच्या आतच ठेवतात. जाड लेप म्हणजे मजबूत लेप, हा घरगुती समज पहिल्याच प्रयोगात गळून पडतो.

या माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

पहिला आक्षेप: कारखान्यांना तयार लेप पिंपात मिळतो, मग विद्यार्थ्याने हा खटाटोप का करावा? पिंप विकत मिळते हे खरे. पण आत काय आहे, ते किती पातळ करायचे, तळाशी बसलेली भुकटी केव्हा ढवळायची आणि आज हवेत ओल आहे म्हणून किती तास थांबायचे, हे पिंपाबरोबर मिळत नाही. ते तिथल्या कामगाराच्या बोटांत असते. तो कामगार निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते, कारण आमच्या पदवीधरांनी ते कधी वहीत उतरवून घेतलेले नसते. आपल्या गावच्या कारखान्यांत मराठीत ओतकाम म्हणतात, कन्नडात एरक म्हणतात, आणि एकाच पाळीत दोन्ही शब्द ऐकू येतात. त्या माणसांशी बोलायला आपल्याला परकी भाषा शिकावी लागत नाही. लागते ती फक्त त्यांच्यासमोर विद्यार्थी होऊन उभे राहण्याची तयारी. ती तयारी आपल्यात नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो मला मान्य आहे, आणि म्हणूनच घरी लेप, भट्टीवर ओतणे अशी विभागणी मी मागतो. फोमवर धातू पडतो तेव्हा निघणाऱ्या धुरात स्टायरिन आणि बेंझिन असते. बेंझिनमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे, आणि स्टायरिनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. हा धूर चाळीच्या गच्चीवर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली सोडण्याचा कुणालाही अधिकार नाही. शिवाय काँक्रीटच्या फरशीवर तप्त धातू सांडला तर फरशीतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती फुटते. चपला घालून, उघड्या डोळ्यांनी ओतणारी मुले चित्रफितीत शूर दिसतात. इस्पितळात तसे कुणी दिसत नाही. लेपाच्या कामात या मानाने धोका फारच कमी. तापलेल्या तारेने फोम कापताना खिडकी उघडी ठेवावी आणि वाळलेला लेप घासताना नाकावर मास्क असावा, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

तिसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा: "हे परीक्षेला येत नाही." याला उत्तर देण्यापूर्वी या गावाचीच एक आठवण करून देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. त्यांनी याच बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, पुढे लोखंडी नांगर घडवला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या कोणत्या परीक्षेत नांगर आला होता? कला शाखेच्या मित्रांनी हा लेख दुसऱ्यांसाठी आहे असे समजून पान उलटू नये, म्हणूनही हे सांगितले. फोम कोरण्याचे काम तर चित्रकाराच्या आणि शिल्पकाराच्या हातालाच अधिक साधते.

आणि अभ्यासक्रमाचे म्हणाल, तर लेपात तो भरलेलाच आहे. एक प्रयोग सुचवतो. बारीक जाळीची चकती कापून तिला लेप द्यावा आणि वाळवावा. एका काचनळीत पाणी भरून वरच्या तोंडाला ती चकती मेणाने हवाबंद बसवावी. खालची तोटी उघडली, की पाणी उतरू लागते आणि त्याची जागा घ्यायला हवा लेपातूनच आत येते. ठरावीक खुणेपर्यंत पाणी उतरायला किती सेकंद लागतात, ते घड्याळावर मोजावे. आधी कोऱ्या जाळीने, मग एक हात, दोन हात, तीन हात लेप दिलेल्या चकत्यांनी. आलेख काढावा. लेप किती श्वास घेतो हे अशा रीतीने आकड्यात उतरते. यासाठी भट्टी लागत नाही, अनुदान लागत नाही, परवानगीसाठी फाईल फिरवावी लागत नाही. लागतो तो आपल्या प्रयोगशाळेतला तराजू, जो वर्षातले बरेच महिने कपाटात असतो.

माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या वर्षी विज्ञान मंडळाने दहा विद्यार्थ्यांचा गट करावा. पाच वेगवेगळे लेप, प्रत्येकाच्या तीन जाड्या, आकार सगळ्यांचा एकच. महिनाभर वजने, वाळण्याचे तास आणि हवा जाण्याचे सेकंद वहीत नोंदवावेत. संस्कृत, मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून 'मानसोल्लासा'तला तो भाग दोन्ही भाषांत उतरवून द्यावा, आणि त्यातला कोंडा-कापसाचा लेपही त्या पाचांपैकी एक असावा. मग उद्यमबागेतल्या एखाद्या ॲल्युमिनियम फौंड्रीला विनंती करून, तिथल्या मिस्त्रींच्या देखरेखीखाली, एका दुपारी ते सगळे नग ओतून घ्यावेत. कुठला भरला, कुठला अर्धवट राहिला, कुठे वाळू शिरली, हे वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहावे आणि मिस्त्री त्याविषयी काय म्हणतात तेही लिहून घ्यावे. तो अहवाल पुढच्या वार्षिकांकाच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही विभागांत छापायला संपादक मंडळ नाही म्हणणार नाही, अशी मला आशा आहे. ज्यांना या गटात यायचे असेल त्यांनी आतापासून थर्मोकोलचे तुकडे जमवायला लागावे. लेपाचे पहिले मिश्रण आपण जुलैमध्ये, पाऊस चालू असतानाच करू. वाळवण्याची खरी परीक्षा तेव्हाच होईल.